वैद्याचे मन दुखते तेव्हा

भिवंडीहून निघून कशेळीचा खाडीपूल ओलांडला की ठाणे येते. अंतर थोडेच, परंतु आपल्या बोलण्यात त्या गावाच्या नावाला एक निराळाच अर्थ येऊन चिकटला आहे. एखादा माणूस विचित्र वागू लागला, एकटाच बडबडू लागला, की ‘याला आता ठाण्याला पाठवायला हवे’ असे आपण सहज म्हणून जातो. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले. तेव्हापासून कितीतरी दुःखी जीवांना तेथे आसरा मिळाला, उपचार मिळाले. कित्येक बरे होऊन आपापल्या घरी परतले. ज्या सेवेबद्दल आपण कृतज्ञ असावयास हवे, तिचे नाव आपण थट्टेसाठी राखून ठेवले. शब्द साधा, हसण्यावारी नेण्यासारखा. पण ज्याच्या मनात खरोखरच अंधार दाटला आहे त्याच्या कानावर तो पडला म्हणजे त्याचे ओठ शिवले जातात. आपले दुखणे सांगितले तर आपणही या थट्टेचा विषय होऊ, हे तो तेव्हाच ओळखतो.

वाचकहो, सामान्य माणसाची ही अवस्था. मग ज्याने इतरांना धीर द्यावयाचा, ज्याच्या चिठ्ठीवर इतरांचे उपचार ठरावयाचे, त्या डॉक्टरची अवस्था काय होत असेल? डॉक्टरला झोप येईनाशी झाली, सकाळी उठून दवाखान्यात जाण्याची उमेद उरली नाही, जगणेच नकोसे वाटू लागले, तर त्याने कोणाकडे जावे? आणि तो गेलाच, तर आपण त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहावे? वरवर पाहता हा वैद्यकाचा प्रश्न दिसतो. आमच्या मते तो त्याहून अधिक नीतीचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर एकट्या डॉक्टरने द्यावयाचे नसून आपण सर्वांनी द्यावयाचे आहे.

आमचे गाव यंत्रमागांचे. रात्रंदिवस मागांचा खडखडाट चाललेला असतो. आता काल्हेर, पूर्णा, राहनाळ या बाजूंना गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. गावोगावचे, परप्रांतांतले श्रमिक येथे पोटासाठी येतात आणि दुखणे आले की सरकारी रुग्णालयाच्या किंवा गल्लीतल्या एखाद्या लहानशा दवाखान्याच्या दाराशी उभे राहतात. २०२० आणि २०२१ ही महासाथीची वर्षे आठवावीत. त्यातच २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळची जिलानी इमारत कोसळली आणि सुमारे चाळीस माणसे गेली. अशा दिवसांत जे डॉक्टर आणि ज्या परिचारिका उभ्या राहिल्या, त्यांनी काय काय पाहिले असेल याची आपण कधी चौकशी केली काय? आपण त्यांच्यासाठी टाळ्या वाजविल्या, थाळ्या वाजविल्या, त्यांना देवमाणूस म्हटले. मात्र देवमाणूस म्हणून गौरविताना त्यांतला माणूस आपण काढून घेतला. देवाला थकवा येत नाही, देवाला रडू येत नाही, देवाला कोणाच्या आधाराची गरज लागत नाही. डॉक्टरला मखरात बसविणे हा त्याचा सन्मान वाटतो खरा, परंतु मखरात बसलेल्याला उठून दुसऱ्याच्या दाराशी जाता येत नाही.

डॉक्टरच्या मनातील भीती काल्पनिक आहे असे कोणी समजू नये. भिवंडीसारख्या गावात कोण कोणाच्या जिन्याने वर गेला हे संध्याकाळपर्यंत चार घरी कळते. रोगी म्हणतील, ‘डॉक्टरच आजारी, तो आम्हाला काय बरे करणार?’ सहकारी म्हणतील, ‘याला ताण झेपत नाही.’ घरात लग्नाची मुलगी असली तर स्थळ मोडण्याची धास्ती. शिवाय एक भीती स्वतःच्याच शिक्षणातून आलेली असते. विद्यार्थिदशेपासून त्याला शिकविले जाते, बोलून नव्हे तर वागण्यातून, की जो चांगला डॉक्टर असतो तो थकत नाही, तक्रार करीत नाही, डोळ्यांत पाणी आणीत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नेमलेल्या कृतिदलाचा अहवाल २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी देशभरातील २५,५९० पदवी विद्यार्थ्यांनी आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ऑनलाइन प्रश्नावलीला उत्तरे दिली. पदवी विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के व पदव्युत्तरांपैकी १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक विकाराचे निदान झाले असल्याचे सांगितले. आत्मघाताचे विचार मनात येऊन गेल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण पदवी विद्यार्थ्यांत १६.२ टक्के, तर पदव्युत्तरांत ३१ टक्क्यांहून अधिक होते. स्वेच्छेने दिलेली ही उत्तरे आहेत, म्हणून प्रत्येक आकडा ताजव्यात तोलून घेण्याचे कारण नाही. परंतु दिशा स्पष्ट आहे. मदत मागण्याच्या वाटेत गोपनीयतेची शंका आणि कलंकाची भीती आडवी येते, हेही त्या अहवालात आले आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. बरे करणाऱ्याने स्वतः बरे होण्यासाठी दुसऱ्याकडे जाणे, हे त्याच्या कामाला कमीपणा आणणारे आहे काय?

आम्ही धर्मगुरू या प्रश्नाचे उत्तर आमच्या रोजच्या सेवेतून देऊ शकतो. प्रायश्चित्त संस्कारात आम्ही प्रभूच्या नावाने पापक्षमा जाहीर करतो. पण स्वतःच्या पापांची क्षमा स्वतःला देण्याचा अधिकार कोणाही धर्मगुरूला नाही. तो महागुरूंना नाही, पोप महाशयांनाही नाही. त्यांनाही दुसऱ्या एखाद्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकावे लागतात, आणि तो दुसरा धर्मगुरू कदाचित वयाने लहान, विद्येने कमी असेल. ख्रिस्तसभेने ही व्यवस्था धर्मगुरूचा अपमान व्हावा म्हणून केली नाही. कृपा ही दुसऱ्याच्या हातून घ्यावयाची वस्तू आहे, हे त्याने विसरू नये म्हणून केली. आमच्याकडे पापनिवेदनास येणारा एकही भाविक ‘फादर स्वतः पापनिवेदन करतात, मग त्यांच्याकडे कशाला जावे’ असे म्हणत नाही. उलट जे धर्मगुरू नियमाने पापनिवेदन करतात त्यांच्याकडेच लोक विश्वासाने येतात. सोनाराने कान टोचावे असे आपण म्हणतो. पण सोनाराचे स्वतःचे कान टोचावयाचे तर तेही दुसऱ्या सोनारालाच टोचावे लागतात. डॉक्टरच्या बाबतीत न्याय निराळा का असावा?

पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली एका फ्रेंच लेखकाबरोबरच्या संवादग्रंथात मोकळेपणाने सांगितले, की वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते सुमारे सहा महिने, आठवड्यातून एकदा, एका मनोविश्लेषक बाईंकडे जात असत. त्या बाई ज्यू होत्या. तेव्हा ते अर्जेंटिनातील येशूसंघाचे प्रमुख होते. ही गोष्ट उघड केल्याने पोप महाशयांची उंची इंचभरही कमी झाली नाही. २१ एप्रिल २०२५ रोजी ते देवाघरी गेले तेव्हा जगाने त्यांच्या करुणेचे स्मरण केले. ही करुणा ज्याने स्वतः दुसऱ्यापुढे बसून आपले मन उघडे केले होते त्याची होती, हेही आपण स्मरणात ठेवावे.

पवित्र शास्त्राकडे वळलो तर तेथेही थकलेल्या सेवकाला धिक्कार मिळालेला दिसत नाही. राजांच्या पहिल्या ग्रंथातील एलिया संदेष्टा आठवावा. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळविलेला हा पुरुष दुसऱ्याच दिवशी जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाजवळ मरण मागतो. देव त्याला विश्वास कमी पडल्याबद्दल रागे भरत नाही, उपदेशही करीत नाही. दूत येतो, भाकर आणि पाणी ठेवतो, त्याला झोपू देतो आणि पुन्हा उठवून खाऊ घालतो. कारण वाट लांबची आहे हे देवाला ठाऊक आहे. निर्गमाच्या ग्रंथात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे एकटाच सोडवीत बसतो, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो त्याला स्पष्ट सांगतो, की तू झिजून जाशील, हे ओझे एकट्याचे नाही. आणि गेथशेमनीच्या बागेत तर खुद्द आपल्या प्रभूने, जिवाची तगमग झाली असता, आपल्या तिघा शिष्यांना जवळ जागे राहण्याची विनंती केली. ज्याने सोबत मागितली तो दुर्बल ठरला नाही. झोपी गेलेले शिष्य मात्र कमी पडले.

इस्पितळांचा व रुग्णांचा आश्रयदाता म्हणून ख्रिस्तसभेने कोणाची निवड केली हेही पाहण्यासारखे आहे. १८८६ साली पोप लिओ तेरावे यांनी संत कामिलस यांच्याबरोबर हा मान संत योहान ऑफ गॉड यांना दिला. हे योहान मूळचे पोर्तुगालचे. स्पेनमधील ग्रॅनडा शहरी एक प्रवचन ऐकून त्यांच्या मनाची अशी विलक्षण घालमेल झाली, की लोकांनी त्यांना वेडा ठरवून तेथील राजेशाही इस्पितळात कोंडले. त्या काळच्या रीतीनुसार चाबकाचे फटके हाच वेड्यांवरचा उपचार समजला जाई. तो त्यांनी भोगला. बाहेर आल्यावर त्यांनी गोरगरिबांसाठी इस्पितळ उघडले आणि ८ मार्च १५५० रोजी देह ठेवीपर्यंत रुग्णांची सेवा केली. ज्याच्यावर ‘वेडा’ असा शिक्का बसला होता, तोच आज इस्पितळांचा रक्षक आहे. आपल्या घरातील परिचारिका व डॉक्टर ज्या संताचे मध्यस्थीचे बळ मागतात, तो संत स्वतः एके काळी मनोरुग्ण म्हणून कोठडीत होता, हे त्यांना कोणी सांगितले आहे काय?

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोणी म्हणेल, ‘फादर, करुणा ठीक आहे, पण आम्ही आमच्या मुलाचा जीव ज्याच्या हाती देतो त्याचेच मन ठिकाणावर नसेल तर? हे जाणून घेण्याचा आमचा हक्क नाही काय?’ रुग्णाचे हित सर्वांत आधी, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु येथे दोन गोष्टींची गल्लत होते. आजारी असणे वेगळे आणि कामास अपात्र होणे वेगळे. मधुमेहाची गोळी घेऊन दवाखान्यात बसणारे, रक्तदाबाचे औषध घेऊन शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर कितीतरी आहेत. त्याबद्दल आपण त्यांना जाब विचारीत नाही. विषादावर उपचार घेणाऱ्यालाही तोच न्याय हवा. धोका असतो तो उपचार न घेणाऱ्याकडून. तीस-तीस तास जागून, हात थरथरत असता, ‘मला काही झालेले नाही’ असे म्हणत काम ओढणाऱ्याकडून. एखाद्या वेळी डॉक्टर खरोखरच काम करण्याच्या स्थितीत नसेल, तर थांबणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि त्यातून त्याची सुटका नाही. पण थांबणे म्हणजे नाव, उत्पन्न आणि मुलांचे भवितव्य गमावणे अशी आपणच व्यवस्था केली असेल, तर तो थांबणार कसा? तो लपवील आणि काम चालू ठेवील. म्हणजे ज्या कलंकाला आपण रुग्णाचे संरक्षण समजतो, तोच कलंक रुग्णाला संकटात लोटतो.

हे नुसते तर्काने सांगतो आहोत असे नाही. भारतीय वंशाच्या डॉ. दक्षा एमसन या इंग्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि स्वतः दीर्घकाळ मनोविकाराशी झुंजत होत्या. सहकाऱ्यांना कळू नये म्हणून त्यांनी आपले दुखणे जपून झाकले. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा अतिशय दुःखद अंत झाला. त्यानंतरच्या चौकशीने या लपवाछपवीमागील कलंकाच्या भीतीकडे बोट दाखविले. पुढे २००८ साली तेथे डॉक्टरांसाठी गोपनीय स्वरूपाची वेगळी उपचारसेवा सुरू झाली. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या डॉ. लॉर्ना ब्रीन महासाथीच्या पहिल्याच लाटेत, एप्रिल २०२० मध्ये गेल्या. मानसिक उपचार घेतल्याचे कळले तर आपला परवाना जाईल, अशी धास्ती त्यांना वाटत होती, असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले. मार्च २०२२ मध्ये त्यांच्या नावाने तेथे आरोग्यसेवकांच्या मनःस्वास्थ्यासाठी कायदा झाला. दोन्ही ठिकाणी जाग आली ती एकेक जीव गेल्यावर. आपण तितकी वाट पाहावी काय?

दुसरा आक्षेप भाविकांचा. ‘प्रार्थना केली असती, रोजरी चुकविली नसती, तर ही वेळ आली नसती.’ हे बोलणारा वाईट हेतूने बोलत नाही, तरी ऐकणाऱ्याच्या जखमेवर मीठ पडते. बेन सिराकच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय उघडून पाहावा. तेथे वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे, औषधी देवानेच जमिनीतून निर्माण केल्याचे म्हटले आहे, आणि आजारी माणसाने प्रार्थना करावी पण वैद्यालाही जागा द्यावी असा स्पष्ट उपदेश आहे. त्याच अध्यायात वैद्यही देवाची करुणा भाकतात असे म्हटले आहे; म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनेही वैद्य हा स्वयंपूर्ण नव्हे, तो मागणारा आहे. हाड मोडले असता कोणी नुसती नोव्हेना करीत बसत नाही. मन मोडले असता मात्र आपण तेवढीच अपेक्षा करतो. कृपा निसर्गाला बाजूला सारीत नाही, त्याला पूर्णत्व देते, हे आम्हाला सेमिनरीत शिकविले गेले; औषध आणि समुपदेशन हीदेखील तिची साधने आहेत.

तथापि सगळा भार एकट्या डॉक्टरच्या मनावर टाकून आपण मोकळे झालो तर तो नवा अन्याय होईल. जेथे वागणूकच अमानुष आहे तेथे ‘समुपदेशकाकडे जा’ एवढेच सांगणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून भिजणाऱ्याला टॉवेल देणे होय. निवासी डॉक्टरांकडून सलग बारा तासांपेक्षा आणि आठवड्यात ४८ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, असे केंद्र सरकारच्या योजनेत १९९२ सालीच म्हटले होते. २०२४ च्या कृतिदलाला आठवड्याची मर्यादा ७४ तासांवर तरी ठेवा अशी शिफारस करावी लागली. यावरूनच प्रत्यक्षात काय चालते हे उघड होते. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या रुग्णालयात रुग्णाच्या नातलगांनी एका तरुण डॉक्टरला इतके मारले की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. तोवर अशा हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात कायदा होऊन सात वर्षे झाली होती. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी ही आदिवासी समाजातील तरुणी, स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असता, आयुष्य संपवून गेली. तिचा जातीवरून छळ झाल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. दोष कोणाचा हे ठरविणे आमचे काम नव्हे. पण एका गोष्टीचा विचार आपण करू शकतो: कोणाच्या खचलेल्या मनामागे कोणाची तरी जीभ, कोणाचा तरी हात, कोणाची तरी बेपर्वाई असू शकते. तेथे उपचारांबरोबर न्यायही हवा.

कायदा आता पूर्वीपेक्षा दयाळू झाला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. मनोरुग्णाची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क त्यात आहे. शरीराच्या दुखण्याप्रमाणेच मनाच्या दुखण्यालाही विम्याचे संरक्षण द्यावे असे त्यात सांगितले आहे. आणि जीव देऊ पाहणाऱ्याला गुन्हेगार न समजता तो तीव्र ताणाखाली होता असे धरून चालावे, असा दंडक घातला आहे. आपल्या ख्रिस्तसभेनेही हीच वाट आधी चालून दाखविली. १९१७ च्या धर्मसंहितेत आत्मघात करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याचा नियम होता. १९८३ च्या संहितेत तो राहिला नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने, मनाच्या गंभीर व्याधीमुळे अशा कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते हे मान्य केले आणि अशा आत्म्यांसाठी प्रार्थना करण्यास सांगितले. कायदा बदलला, संहिता बदलली. बदलावयाची राहिली आहे ती आपली जीभ.

जिभेबद्दल नीतिशास्त्राचे एक वचन आपण विसरत चाललो आहोत. कोणावर खोटा आळ घेणे हे पाप, हे सर्वांना ठाऊक असते. पण दुसऱ्याची खरी, परंतु झाकलेली गोष्ट योग्य कारणाशिवाय चारचौघांत उघड करणे हेही पापच आहे. ‘खोटे कुठे बोलले? त्यांना मी स्वतः त्या दवाखान्यात पाहिले’ हा बचाव देवापुढे चालत नाही. त्यातही आजार हा दोष नव्हेच. मग ज्यात दोष नाही ते दोष म्हणून पसरविणाऱ्याचे पाप किती मोठे? मिस्सा आटोपून चर्चच्या आवारात उभे राहिल्यावर आपल्या तोंडून जे निघते त्याचाही हिशेब पापनिवेदनाच्या वेळी करावयास हवा.

तेव्हा प्रत्यक्ष करावयाचे काय? ज्या घरात डॉक्टर किंवा परिचारिका आहे त्या घराने रात्री त्यांना रुग्णांच्या गोष्टी विचारण्याऐवजी कधीतरी ‘तू कसा आहेस, तू कशी आहेस’ एवढे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. चिडचिड, अबोला, न लागणारी झोप, वाढत चाललेला प्याला, जगण्याचा कंटाळा ही लक्षणे दिसली तर ती लपवू नयेत. बरोबर चालत जाऊन तज्ज्ञाकडे न्यावे. मुलीसाठी स्थळ पाहताना ‘त्यांच्याकडे कोणी मनाचे औषध घेत होते म्हणे’ हे कारण पुढे करू नये. वडीलधाऱ्या डॉक्टरांनी, शक्य असेल तर, आपण स्वतः मदत घेतल्याचे धाकट्यांना सांगावे. दहा व्याख्यानांनी होत नाही ते अशा एका वाक्याने होते. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते, आणि जिन्यावर कोणी पाहण्याचा प्रश्नच नाही. आणि ठाण्याबद्दल म्हणाल, तर त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसिक आरोग्यासाठी आयपीएच ही संस्था उभी केली आणि मनाचे आरोग्य हा घरोघरच्या बोलण्याचा विषय केला. ‘ठाण्याला जाणे’ या शब्दांचा अर्थ बदलू शकतो तो असा.

आमच्या गावात माग बिघडला तर मागवाला तो झाकून ठेवीत नाही. जॉबरला बोलावतो, माग थांबवितो, दुरुस्त करून घेतो. त्यात त्याला लाज वाटत नाही, कारण थांबविलेला माग पुन्हा कापड देतो आणि तसाच चालविलेला माग कापडही बिघडवितो आणि स्वतःही मोडतो. माणूस यंत्राहून किती मोलाचा! १८ ऑक्टोबर रोजी आपण संत लूक यांचा सण पाळतो. परंपरेने ते वैद्य होते असे मानले जाते. त्या दिवशी आपल्या धर्मग्रामातील डॉक्टर व परिचारिकांना वेदीजवळ बोलावून त्यांचा सत्कार करण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. यापुढे त्या दिवशीच्या विनंत्यांत आणखी एका विनंतीची भर घालावी, असे आम्ही सुचवितो: जे आम्हाला बरे करतात आणि स्वतः मात्र मुकाट्याने सोसतात, त्यांना आपले दुखणे सांगण्याचे धैर्य मिळो, आणि त्यांनी ते सांगितले, तर ते ऐकून पोटात ठेवण्याची माणुसकी आम्हाला मिळो.